पत्र्यावरचा पाऊस

गुरुवार, रात्री

आज दहावीच्या तासाला पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : शाळेच्या पत्र्यावर पडणारा वर्षभराचा पाऊस साठवला, तर तो आपल्याला किती दिवस पुरेल? थोड्या शांततेनंतर वर्गातून विचारणा झाली, "सर, यात दिलेले काय आहे?"

दोष मुलांचा नाही. वडील-मुलाचे वय असो की प्रवाहातल्या होडीचा वेग, आमच्या शाब्दिक उदाहरणांत लागेल तेवढीच माहिती दिलेली असते. काय धरायचे आणि काय सोडायचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे असा प्रसंगच येत नाही. मीही तसाच शिकलो. एनसीईआरटीच्या २००६ साली आलेल्या नववी-दहावीच्या पुस्तकांत गणितीय प्रतिरूपण, म्हणजे प्रत्यक्षातला प्रश्न गृहीतके धरून गणितात मांडणे, होते, पण परिशिष्टात, आणि परीक्षेच्या धबडग्यात परिशिष्टापर्यंत पोहोचतो कोण?

मुलांनी टेपने मापे घेतली : २० मीटर बाय ८ मीटर. पत्रा उतरता असला तरी वरून दिसणारे आडवे क्षेत्रफळच धरायचे, हे पटवण्यात दहा मिनिटे गेली. आमच्या दुष्काळी भागासाठी पाऊस ५०० मिलिमीटर धरला. एक मिलिमीटर पावसाचे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी होते, म्हणून ८०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तर ६४,०००. इथवर सर्वांचे एकमत होते. पुढे एका गटाने २०० मुलांना प्रत्येकी रोज दोन लिटर धरून १६० दिवस काढले, तर दुसऱ्याने स्वच्छतागृहासह दहा लिटर धरून ३२. दोन्ही उत्तरे आपापल्या गृहीतकांनुसार बरोबर आहेत. परंतु गुण कसे द्यायचे? उत्तरसूचीत एकच उत्तर शोधण्याची सवय मुलांइतकीच मलाही आहे.

एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, आपली टाकी पाच हजार लिटरचीच आहे." म्हणजे पिण्यापुरते धरले तरी जेमतेम साडेबारा दिवस! वर्षाच्या एकूण पावसावर उभी केलेली आमची सगळी मांडणी त्या वाक्याने कोसळली, कारण आता पाऊस किती पडला यापेक्षा दोन पावसांत किती दिवसांचा खंड पडला हे महत्त्वाचे होते. रोजची आवक, रोजचा खर्च, टाकीची मर्यादा. हे फळ्यावर कसे मांडावे ते मला त्या क्षणी सुचेना, आणि तसे मी वर्गाला सांगितले. घंटा झाली.

फळा पुसू नका, असे बजावून आलो खरा. पण पुढचा तास भूगोलाचा होता, तेव्हा तो पुसला गेलाच असणार. उद्या तहसील कार्यालयात गेल्या वर्षीच्या पावसाच्या रोजच्या नोंदी मिळतात का, ते पाहायचे आहे.