कमरेएवढं जंगल

जंगल म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. पश्चिम टेक्सासात मोनाहान्सच्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र जंगल बघायला मान खाली घालावी लागते. इथला ओक फार तर कमरेला लागतो, बराचसा गुडघ्यापाशीच आटोपतो. नाव शिनरी ओक. शास्त्रीय नाव क्वेर्कस हॅवार्डी. व्हॅलेरी हॅवार्ड हा अमेरिकी लष्करातला फ्रेंच जन्माचा डॉक्टर, झाडाझुडपांचा नादिष्ट. त्याच्यावरून हे नाव पडलं.

घरची मंडळी प्लास्टिकच्या तबकड्यांवर बसून वाळूवरून घसरतात. माझे गुडघे त्यातले नाहीत, म्हणून मी झुडपांपाशी रेंगाळते. पान चिवट, कडा नागमोडी; उलटं केलं की खालची बाजू फिकट, लवदार लागते. झाड एवढंसं, पण फळ कसं टपोरं! वर खवल्याखवल्यांची टोपी. हरणं ही फळं आवडीने खातात.

आपल्याला दिसतो तो नुसता शेंडा. खरा पसारा वाळूच्या पोटात. आडवी खोडं लांबवर सरकत जातात आणि जागोजागी फुटवे वर काढतात. त्यामुळे ज्यांना आपण वेगवेगळी झुडपं समजतो, ती पुष्कळदा एकाच झाडाची असतात. वाऱ्याबरोबर निघालेली वाळू धरून ठेवतात तीही हीच खोडं.

गुरंवाल्यांना हा ओक डोळ्यासमोर नको असतो. वसंतात त्याचे कोंब आणि कोवळी पानं खाऊन गाईंना विषबाधा होते, म्हणून वर्षानुवर्षं त्याच्यावर तणनाशक मारलं गेलं. ज्याची गाय दगावते त्याला निसर्गप्रेम शिकवायला आपलं काय जातं!

पण या ओकच्या वाळूतच राहणारा एक छोटा, वाळूच्याच रंगाचा सरडा आहे. इथे आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यात, बस्स. 2024 मध्ये तो संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत गेला. कारण खाली पर्मियन बेसिनचं तेल, आणि वरच्या वाळूलाही गिऱ्हाईक: खडकात पाडलेल्या भेगा मिटू नयेत म्हणून ती तेलविहिरींत दाबाने सोडतात.

मिडलंडला परतताना इंटरस्टेट 20 वर ट्रक पुढेमागे असतातच. आमच्या घरचा पगार याच धंद्यातला, त्यामुळे माझा आवाज तसा बेताचाच. तरी नवऱ्याला विचारतेच, "तुमच्या लोकांना ती झुडपं सोडून खणता येत नाही का?" तो गाण्याचा आवाज वाढवतो.