वेल्श भाषा ऐकायला वेल्समध्ये जाताय? कार्डिफ ते ह्लीन, बसने

कार्डिफ सेंट्रल स्टेशनवर उद्घोषणा आधी वेल्शमध्ये होते, मग इंग्रजीत. पाट्या दोन्ही भाषांत, तिकीटयंत्र दोन्ही भाषांत, बाहेरच्या रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आराव्ह’ आणि ‘स्लो’. एवढं पाहिलेला पाहुणा मग शहरभर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत एकही वेल्श वाक्य कानावर पडत नाही. त्यावरून ‘हे सगळं दिखाव्यापुरतं आहे’ असा निष्कर्ष काढून तो लंडनला परततो. निष्कर्ष चुकीचा आहे. चूक मार्गाची आहे.

२०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या तीन वर्षांवरील लोकांपैकी १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. १९११मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या पुढे होतं. पण राष्ट्रीय सरासरी प्रवाशाच्या काही कामाची नाही. कार्डिफमध्ये हा आकडा १२ टक्क्यांच्या आसपास, आग्नेयेकडच्या ब्लाइनाई ग्वेंटमध्ये सहाच्या आसपास, केरेडिगियनमध्ये ४५, अँगलसी बेटावर ५६ आणि वायव्येच्या ग्विनेदमध्ये ६४ टक्के. म्हणून भाषा ऐकायची असेल तर पश्चिम किनारा धरून वर सरकायचं: कार्डिफ, कार्माथन, अबरिस्टविथ, कायर्नारव्हॉन आणि शेवटी ह्लीन द्वीपकल्प. भारतीय पासपोर्टवर यूकेचा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. वेल्सच्या हद्दीवर वेगळी तपासणी नाही आणि सेव्हर्न नदीवरच्या पुलाचा टोलही डिसेंबर २०१८मध्ये बंद झाला.

या मार्गाची मेख अशी की वेल्सच्या दक्षिणेतून उत्तरेला जाणारी, पूर्णपणे वेल्समधून धावणारी रेल्वेच नाही. रूळ पडले ते कोळसा बंदरात नेण्यासाठी आणि आयर्लंडची टपाल नेण्यासाठी, म्हणजे मुख्यतः पूर्व-पश्चिम. कार्डिफहून उत्तर वेल्समधल्या बँगरची गाडी इंग्लंडमधल्या श्रूझबरीवरून वळसा घेते. वेळ वाचवायला ती ठीक, पण भाषेचा पट्टा त्यात हुकतो. कार्माथनपर्यंत रेल्वे, तिथून अबरिस्टविथला ट्रॉसकम्री या लांब पल्ल्याच्या बससेवेची टी-१ बस, आणि पुढे टी-२ घ्यावी. टी-२ माखन्ह्लेथ, डोल्गेह्लाय, पोर्थमाडोगवरून कायर्नारव्हॉन आणि बँगरला जाते. अबरिस्टविथ ते कायर्नारव्हॉन हा टप्पा सुमारे तीन तासांचा आहे. खिडकीची जागा मिळाली तर एक मिनिटही वाया जात नाही.

कार्डिफला एक दिवस पुरे. शहराबाहेरचं सेंट फेगन्सचं लोकजीवन संग्रहालय फुकट आहे, फक्त गाडी लावण्याचे पैसे पडतात. देशभरातून उचलून आणलेली घरं, चॅपलं आणि शाळा तिथे पुन्हा उभी केली आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर किंवा गळ्यातल्या पट्ट्यावर नारिंगी रंगाच्या संवादफुग्यात ‘कम्राइग’ (म्हणजे वेल्श भाषा) लिहिलेला बिल्ला दिसला की तो माणूस वेल्शमध्ये बोलेल असं समजावं. हा बिल्ला सगळ्या प्रवासात कामाला येतो, कारण तो पाहिल्यावर ‘बोलू का नको’ हा संकोच उरत नाही. शिकणाऱ्यांसाठी त्याचाच वेगळा प्रकार असतो. वूमनबी स्ट्रीटवरचा क्लब इव्होर बाख १९८३मध्ये वेल्श बोलणाऱ्यांना एकत्र येता यावं म्हणून निघाला. आज तिथे सगळ्या भाषांतले गायक येतात, तेव्हा कार्यक्रमपत्रिका बघूनच तिकीट काढावं.

दिसतं पण ऐकू येत नाही, याचं कारण कायद्यात आहे. २०११च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला आणि भाषा आयुक्त आला. २०१६पासून नगरपालिका आणि इतर सार्वजनिक संस्थांवर टप्प्याटप्प्याने ‘मानकं’ लागू झाली: फोन उचलताना वेल्शचा पर्याय द्यायचा, पत्राला पत्राच्या भाषेत उत्तर द्यायचं, नव्या पाटीवर वेल्श आधी वाचली जाईल अशी मांडायची. दक्षिणेत इंग्रजी वर असलेल्या पाट्या दिसतात त्या बहुतेक जुन्या. दुकानं, हॉटेलं, कॅफे यांना मात्र अशी सक्ती नाही. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीसाठी कायदा आहे, तिथे उलट. त्यामुळे खासगी दुकानाने स्वखुशीने लावलेली वेल्श पाटी ही सरकारी पाटीपेक्षा जास्त सांगून जाते. ग्विनेदमध्ये गेल्यावर हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

पाटी लिहिणाऱ्याला भाषा येतेच असं नाही. २००८मध्ये स्वान्सीत अवजड वाहनांना मज्जाव करणारी पाटी लागली. भाषांतरासाठी पाठवलेल्या ईमेलला जे आपोआप उत्तर आलं, तेच वेल्श मजकूर समजून छापलं गेलं. रस्त्यावर इंग्रजीत ‘अवजड वाहनांना प्रवेश नाही’ आणि खाली वेल्शमध्ये ‘मी सध्या कार्यालयात नाही’.

कार्माथन ते अबरिस्टविथ बसमध्ये ह्लानर्‍हिस्टिड गाव आलं की सावध राहा. ए-४८७ रस्त्याला लागून एक पडकी दगडी भिंत आहे. लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘कोव्ह्यूख द्रिवेरिन’, म्हणजे त्रिवेरिन विसरू नका. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्शभाषी गाव १९६५मध्ये धरणाखाली गेलं. त्या विधेयकाच्या बाजूने वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही मत दिलं नव्हतं. धरणग्रस्त गावाची गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. २०१९मध्ये कुणीतरी भिंत पाडली. ती पुन्हा बांधली गेली आणि त्याच ओळी देशभर भिंतींवर उमटल्या. उतरून फोटो काढायचा मोह होतो, पण रस्ता अरुंद आणि वाहनं वेगात असतात. बसमधूनच बघावी.

अबरिस्टविथला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत त्रेव्हेखन पूल लागतो. रेडिओवरच्या एका गाजलेल्या व्याख्यानानंतर १९६२मध्ये वेल्श भाषा संघटना स्थापन झाली. २ फेब्रुवारी १९६३ला तिच्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी हा पूल अडवला. मागणी साधी होती, कोर्टाचं समन्स वेल्शमध्ये द्या. पुढे फक्त इंग्रजीत असलेल्या पाट्यांना रंग फासणं आणि त्या उखडणं सुरू झालं, कार्यकर्ते तुरुंगात गेले. आज पर्यटक ज्यांचे फोटो काढतात त्या द्विभाषी पाट्या अशा मिळाल्या आहेत, हे ठाऊक असलेलं बरं. टेकडीवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रवेश मोफत आहे.

कायर्नारव्हॉन हे या प्रवासाचं खरं मुक्कामाचं गाव. दहातले आठ लोक वेल्श बोलतात, आणि किल्ल्यासमोरच्या चौकात, दुकानाच्या गल्ल्यावर, पोरांच्या भांडणात तीच ऐकू येते. ग्विनेद परिषदेचा अंतर्गत कारभारही वेल्शमध्येच चालतो. सभेत इंग्रजी हवी असणाऱ्याला कानाला लावायचं भाषांतरयंत्र मिळतं. किल्ला बघून दुपारच्या गाडीने निघून जाणारे पर्यटक फक्त पर्यटकांचीच इंग्रजी ऐकतात. किमान दोन रात्री राहा, आणि सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बाजारात फिरा.

इथेच ती जुनी तक्रार निघते: ‘आम्ही पबमध्ये शिरलो आणि सगळे मुद्दाम वेल्शमध्ये बोलायला लागले.’ ते आधीपासूनच वेल्शमध्ये बोलत होते. रोजच्या वेल्शमध्ये इंग्रजी शब्द भरपूर असतात. दारातून येताना ओळखीचे तेवढे शब्द कानावर पडतात, आणि आत बसल्यावर बाकीची भाषा कळत नाही. उलट अडचण नेमकी विरुद्ध दिशेची आहे. पाच वेल्शभाषी आणि एक इंग्रज असला की सहाही जण इंग्रजीत बोलतात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत हे आपण रोज करतो. त्यामुळे पाहुण्याने दोन वाक्यं वेल्शमध्ये बोलली तरी उत्तर सौजन्याने इंग्रजीत येतं. तेव्हा ‘द्वीन दस्गी कम्राइग’ (मी वेल्श शिकतोय) एवढं सांगितलं की समोरचा हळू बोलतो आणि भाषा बदलत नाही.

उच्चारात मराठी जिभेला थोडा फायदा आहे. ‘र’ घोळवून म्हणायचा, ‘क’ कायम ‘क’, आणि भर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. अडतं ते ‘ह्ल’पाशी. ‘ल’साठी जीभ लावायची, आवाज न काढता दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, ‘क्ल’ किंवा ‘थ्ल’ म्हणू नये. कॉफीसाठी ‘गा ई गॉफी, ऑस ग्वेलुख अन् दा’. शेवटच्या ‘दा’ला जीभ दातांना पूर्ण चिकटवायची नाही. आभाराला ‘दियोल्ख’. नमस्काराला दक्षिणेत ‘शूमाय’, उत्तरेत ‘सिमाइ’. दुधालाही दक्षिणेत ‘ह्लाइथ’ आणि उत्तरेत ‘ह्लेव्हरिथ’. दुसऱ्या भागातला शब्द वापरला तरी दूध मिळतंच, फक्त कुणीतरी हसतं.

‘कॉफी’ची ‘गॉफी’ झाली, तशी गावांची नावंही वाक्यात पहिलं अक्षर बदलतात. कार्डिफ म्हणजे ‘काइरदीद’, पण कार्डिफला ‘ई गाइरदीद’ आणि कार्डिफमध्ये ‘अंग ङाइरदीद’. उद्घोषणेत गाव ओळखू न येण्याचं हे मुख्य कारण. शिवाय काही नावं पूर्ण वेगळी आहेत: स्वान्सी म्हणजे अबरताउए, हॉलीहेड म्हणजे काइरगीबी, श्रूझबरी म्हणजे अम्विथिग. तिकीट काढण्याआधी आपल्या मार्गावरची दोन्ही नावं कागदावर लिहून ठेवा. ह्लानवायर नावाची गावं तर ढिगाने आहेत, नकाशात जिल्हा घातल्याशिवाय शोधू नका. अठ्ठावन्न अक्षरांचं प्रसिद्ध स्टेशन त्यातलंच; ते लांबलचक नाव एकोणिसाव्या शतकात पर्यटक खेचायला बनवलं गेलं, स्थानिक लोक ‘ह्लानवायरपुह्ल’ म्हणून मोकळे होतात. स्वच्छतागृहावर एकच भाषा असेल तर ‘दनियोन’ पुरुषांचं, ‘मेर्खेद’ किंवा ‘मेनिवोद’ बायकांचं. गाडी चालवणार असाल तर वस्तीतली मूळ वेगमर्यादा सप्टेंबर २०२३पासून ताशी २० मैल आहे. आणि वेल्सला चुकूनही ‘इंग्लंड’ म्हणू नका.

राहण्याची जागा निवडताना थोडा विचार करा. ह्लीनमध्ये सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढल्याने स्थानिक तरुणांना घर परवडत नाही, आणि ते गेले की भाषा बोलणारी माणसंच जातात. ग्विनेदमध्ये दुसऱ्या घरावर एप्रिल २०२३पासून १५० टक्के जादा परिषद-कर आहे. मालक तिथेच राहतो असं अतिथीगृह घेतलं तर न्याहारीच्या टेबलावर भाषाही ऐकायला मिळते.

ह्लिथव्हाइन गावातला ‘अ व्हिक’ पब १९८८पासून गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. तिथून खाली समुद्राकडे नान्त गुर्थेर्न, दगडखाणीचं ओसाड पडलेलं खेडं, आता निवासी वेल्श वर्गांचं केंद्र. वर्ग आधी नोंदवावा लागतो. नुसतं कॅफे आणि छोटं संग्रहालय बघायलाही जाता येतं. उतार भयंकर आहे. गाडी वरच्या वाहनतळावर लावून पायी गेलात तर परतीच्या चढाला भरपूर वेळ आणि पाणी ठेवा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला राष्ट्रीय आयस्तेदव्हॉद हा वेल्श कविता-संगीताचा महोत्सव जमला तर सोडू नका. तो दरवर्षी जागा बदलतो, २०२४मध्ये पाँटिप्रीद, २०२५मध्ये रेक्सम. १९५०पासून मंचावर फक्त वेल्श चालते आणि मैदानावर भाषांतराची यंत्रं मिळतात. खोल्या मात्र महिनोन्‌महिने आधी भरतात, कारण बऱ्याचदा मैदान लहान गावाच्या शिवारात असतं. या सगळ्या भागात रविवारी बस अगदी तुरळक असतात आणि ह्लीनमधल्या काही मार्गांवर नसतातच. म्हणून ह्लीनचा दिवस शनिवारपर्यंत उरका, रविवार कायर्नारव्हॉनसाठी ठेवा.