बोंबील, पार्सल आणि हातात उरलेले पैसे : आमची वाटचाल

ऑनलाइन धंद्यात ऑर्डरींचा आकडा मिरवायला बरा असतो. आमच्या घरी तो कुणी विचारत नाही. आईचा प्रश्न ठरलेला, "पोरी, हातात काय उरलं?" तिने सगळी उमर बाजारात पाटी लावून सुकी मासळी विकली. संध्याकाळी कमरेच्या पिशवीतले पैसे मोजले की तिचा हिशोब पूर्ण. मी सुकी मासळी ऑनलाइन विकते. माझा हिशोब मात्र कुरिअरचं बिल, परत आलेली पार्सलं आणि ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या गेटवेची कपात वजा झाल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आमचं गाव बेलापूरजवळचं दिवाळे. सिडकोने नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्या पट्ट्यातलं. शेती गेली, खाडी राहिली, तीही पूर्वीसारखी नाही. सुकी मासळी आम्ही स्वतः फारशी वाळवत नाही. बोंबील, सोडे, वाकट्या, जवळा असा माल उरण-करंजाकडून आणि थोडा सातपाटीकडून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत गेली आणि माल बघायला जाणं सोपं झालं. फोटोवर मासळी घेऊ नये, हे आईचं मत माझंही आहे. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, वाळलाय की वाळूत लोळलाय, ते हातात घेतल्यावरच कळतं.

सुरुवात व्हॉट्सॲपवर झाली. ऐरोली, घणसोली, खारघरच्या सोसायट्यांमधली ओळखीची माणसं, मग त्यांची पुण्याची बहीण, मग बंगळुरूला नोकरीला गेलेला भाऊ. मागणी कमी कधीच नव्हती. प्रश्न होता तो एका पार्सलवर उरतं किती याचा.

कुरिअरवाला खरं वजन आणि आकारमानाचं वजन अशी दोन वजनं काढतो आणि जास्त असेल त्याचे पैसे घेतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, हवा भरलेला माल. अर्धा किलो जवळा ३० बाय २० बाय १५ च्या खोक्यात घातला की हिशोब येतो १.८ किलोचा. गिऱ्हाइकाने अर्धा किलो घेतलेला, भाडं जवळपास दोन किलोचं. व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन आम्ही आणलं ते वास बाहेर येऊ नये म्हणून. वासाची पार्सलं कुरिअरवाले उचलायला कुरकुरत होते. पण मशीनने खरे पैसे वाचवले ते भाड्यात. तोच जवळा दाबून २५ बाय १८ बाय १० च्या खोक्यात बसू लागला, म्हणजे ०.९ किलो. दर होता तोच ठेवला, गिऱ्हाइकाला काही कळलंही नाही, आणि प्रत्येक पार्सलमागे उरणारी रक्कम वाढली. बोंबलाने मात्र त्रास दिला. वाळलेल्या बोंबलाचं डोकं आणि शेपूट पातळ पिशवीला भोक पाडतं आणि आत हवा शिरते. आता डोकं-शेपूट कापून, आधी कागदात गुंडाळून, जाड पिशवीत भरतो. हे काम हातानेच करावं लागतं.

घरपोच आल्यावर पैसे, हा प्रकार सुरुवातीला ठेवावाच लागला. अनोळखी दुकानाला कोण आधी पैसे देणार? पण दार बंद असलं, मूड बदलला, सासूबाई म्हणाल्या नको, की पार्सल परत. जाण्याचंही भाडं आमचं आणि येण्याचंही. वर परत आलेली मासळी पुन्हा विकायला मन धजत नाही, ती घरात खायची. जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय पुरेसे जमले तशी ही सोय आम्ही बंद केली. ऑर्डरी कमी झाल्या, नजरेत भरण्याएवढ्या कमी झाल्या. महिनाअखेरीस शिल्लक मात्र वाढली. आईच्या प्रश्नाला त्या महिन्यात पहिल्यांदा मी ताडकन उत्तर दिलं.

पैसे घेण्याच्या वाटेचंही तसंच. यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, जानेवारी २०२० पासून. कार्डाने गेटवेतून आले तर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारामागे २३ रुपये ६० पैसे. किरकोळ वाटतं, पण सुक्या मासळीत नफाच इतका बारीक असतो की हा आकडा त्याच्या अंगाला लागतो. आम्ही क्यूआर कोड पुढे ठेवतो आणि कार्डाचा पर्याय खाली.

एवढं करून धंदा तगला असता. वाढला तो चटणीमुळे.

झालं असं, की वाशीच्या एका ताईंनी बोंबील घेतले आणि म्हणाल्या, "भाजून मिळतील का? आमच्या मजल्यावर गुजराती शेजारी आहेत, बोंबील भाजला की जिन्यापर्यंत वास जातो." मग लक्षात आलं की निम्म्या गिऱ्हाइकांची अडचण हीच आहे. खायचंय सगळ्यांना, भाजायचं कुणालाच नाही. आमच्या अंगणात भाजायला कुणाची हरकत नसते. इथे कुणाला वास येत नाही, भूक लागते.

चटणीने आणखी एक गणित सुटलं. प्रत्येक पोत्यात तुटका माल निघतोच. तो आख्ख्याच्या भावाने जात नाही. आधी तो कोंबडीखाद्यवाल्याकडे मिळेल त्या भावाला जायचा. आता तोच तुकडा निवडून, साफ करून, भाजून, लसूण, सुकं खोबरं आणि आमचा आगरी-कोळी मसाला घालून बरणीत जातो. गिऱ्हाईक बोंबलाच्या किलोच्या भावाची बाजाराशी तुलना करतं आणि घासाघीस करतं. चटणीच्या बरणीची तुलना कशाशी करणार? शिवाय बरणी लहान, जड आणि घट्ट. आकारमानाच्या वजनाची कटकटच नाही.

कागद मात्र वाढले. नुसती मासळी विकणं आणि पदार्थ बनवून विकणं, या दोन गोष्टी अन्न परवान्यात वेगळ्या नोंदवाव्या लागतात. १४ अंकी क्रमांक लेबलवर हवा, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन, सगळं हवं. चटणी किती दिवस टिकते ते प्रयोगशाळेतून तपासून घेतलं, कारण "आमच्याकडे सहा महिने राहते" हे आईचं वाक्य लेबलवर छापता येत नाही. राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. बंगळुरूच्या भावाने आम्हाला त्यात ओढलं. चटणीवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. एमआरपी आम्ही उतरवली, बरण्यांवरची जुनी लेबलं काढताना दोन्ही भाच्यांची नखं झिजली.

आता वर्षाच्या चढउताराबद्दल. आमचं वर्ष इतर दुकानांसारखं चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी जोरात. श्रावण लागला की ऑर्डरी थांबतात. मग गणपती, मग नवरात्र. मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच. जाहिरातीवर पैसे ओतून श्रावणात बोंबील विकता येत नाहीत, कुणी कितीही सांगो. त्यावर दोन उपाय धरले. एक, एप्रिलमध्ये आगोटीच्या डब्याची आगाऊ नोंदणी. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या एकत्र, पैसे आधी. त्याच पैशाने आम्ही रोखीत माल उचलतो, रोखीत भाव बरा मिळतो, आणि व्यापाऱ्याकडे उधारी राहत नाही. एकेकट्या पाकिटापेक्षा डब्यावर भाड्याचा बोजाही कमी पडतो. दुसरा उपाय म्हणजे मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून डंकावर कुटून ठेवतो. तो श्रावणातही खपतो, वालाच्या बिरड्याला तो चालतो की.

नवीन गिऱ्हाईक शोधण्यावर आम्ही फार खर्च करत नाही. बरणी संपण्याच्या सुमाराला जुन्या माणसाला निरोप जातो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलात चिठ्ठी टाकतो, "नंबर सेव्ह करा, सोडे आले की कळवू." सोड्यांचं नाव काढलं की लोक नंबर सेव्ह करतात. कोळंबी सोलून, वाळवून हातात फार थोडे सोडे येतात, ते दरवेळी मिळत नाहीत, हे खाणाऱ्याला माहीत असतं. सोड्यांवर आम्हाला फारसं काही सुटत नाही. पण सोडे मागणारं माणूस चटणी आणि मसाला घेतल्याशिवाय सहसा फोन ठेवत नाही.

सध्या घोळ चालू आहे तो सौर वाळवणी यंत्राचा. पावसाळ्याआधीच्या दमट दिवसांत माल आपणच वाळवला तर व्यापाऱ्याचा वाटा वाचेल, असं माझं म्हणणं. आईचं म्हणणं, जागा कुठाय? जागेच्या बाबतीत तिचं बरोबर आहे, त्यामुळे आधी गच्चीचं माप घेतोय.