उप्सालातली हळदी भिंत

रंगाच्या दुकानात मी हळदीचे डाग पडलेला पंचा घेऊन गेले होते. आईनं लोणचं घालताना हात पुसलेला, कितीही धुतला तरी न निघालेला तो पिवळा मला भिंतीवर हवा होता. काउंटरवरच्या मुलीनं पंचा नीट पसरला, त्यावर एक छोटं यंत्र टेकवलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: एस १०५०-वाय१०आर. स्वीडनमध्ये रंग असे आकड्यांनी मागतात. पहिले दोन आकडे काळेपणाचे, पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, आणि शेवटी पिवळ्यात तांबडा किती मिसळलाय ते. म्हणजे आमची हळद दहा टक्के काळी, पन्नास टक्के तीव्र आणि किंचित तांबडी निघाली. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

उप्सालाला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. पहिली पाच वर्षं भाड्याच्या घरात गेली. मूळ भाडेकरूकडून आम्ही घेतलेलं, त्यामुळे भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. घर पांढरं, कपाटं पांढरी, पडदे पांढरे. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सगळे म्हणायचे, "किती स्वच्छ, किती टापटीप!" इथले लोक पांढरं का लावतात याला कारण आहे. उजेड कमी, तर जो येतो तो भिंतींनी परतवावा. उन्हाळ्यात ते पटतंही. पण डिसेंबरात इथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. पांढऱ्याला उजळायला आधी उजेड लागतो, तोच नसेल तर भिंत राखाडी होते. दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी लेकीनं चित्रात आमचं घर काढलं आणि भिंती रंगवायला पेन्सिल घेतली. मी त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, स्वतःचं घर होईल तेव्हा एक तरी भिंत अशी हवी की अंधारातही ती भिंत आहे हे कळेल.

आता स्वतःचं घर आहे. तरी चारही भिंती हळदी करू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. पिवळा रंग समोरासमोरच्या भिंतींवर लावला की एकमेकांवर पडून दुप्पट भडक होतो. आम्ही आधी एका मोठ्या पुठ्ठ्याला रंग लावला आणि आठवडाभर तो खोलीत फिरवला. सकाळी खिडकीपाशी, दुपारी तीनला दिव्याखाली, रात्री कोपऱ्यात. मग पंचापेक्षा एक घर उतरलेली छटा घेतली, आणि तीही फक्त सोफ्यामागच्या भिंतीला.

मला वाटायचं, रंगाची हौस आपली आणि पांढऱ्याची त्यांची. हा समज सुंडबोर्न नावाच्या खेड्यात मोडला. फालूनजवळ, डालार्ना प्रांतात, चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांचं घर आहे. १८८८ साली कारिनच्या वडिलांनी ते त्यांना दिलं. कारिन स्वतः शिकलेली चित्रकार, पण लग्नानंतर तिनं ब्रश ठेवला आणि माग हातात घेतला. पडदे, उशा, टेबलावरची कापडं, सगळं तिनं विणलेलं, भरतकाम केलेलं. जेवणाची खोली तर तांबडी आणि हिरवी! आमच्याकडे लग्नाच्या रुखवतातही एवढी धीट जोडी कुणी मांडणार नाही. प्रसिद्धी मिळाली नवऱ्याच्या चित्रांना, पण त्या चित्रांत जे घर दिसतं ते तिच्या हातचं आहे. मी त्या खोलीत इतका वेळ थांबले की वाटाड्या बाईंनी पुढच्या गटाला दाराशी थोपवून धरलं.

त्याच प्रांतात जुन्या घरांच्या भिंतींवर आणि पेटाऱ्यांवर कुर्बित्स नावाची नक्षी असते. मोठ्ठी फुगीर फुलं, लाल-निळी-पिवळी, एकातून एक उमलणारी. हे नाव लॅटिनमधल्या भोपळ्याच्या नावावरून आलं आहे. बायबलमध्ये योना नावाच्या संदेष्ट्याला ज्या वेलानं सावली दिली, त्या वेलावरून. जिथे अर्धं वर्ष थंडी, तिथल्या शेतकऱ्यांनी भिंतीवर भोपळ्याचा वेल चढवला होता. हे कळल्यावर माझ्या हळदी भिंतीला इथे कुणाची परवानगी घ्यायची गरज उरली नाही.

भिंत झाली, पण वस्तू कुठून आणायच्या? इथे जुन्या बाजाराला लोप्पिस म्हणतात, म्हणजे सरळ अर्थ घेतला तर पिसवांचा बाजार. उन्हाळ्यात गावोगावच्या रस्त्यांवर हातानं लिहिलेल्या पाट्या लागतात, बाण दाखवतो तिकडे वळायचं. कुणाच्या तरी गोठ्यात किंवा अंगणात टेबलं मांडलेली असतात. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना गर्दीची आठवण येईल, पण इथे शांतता असते. हातात वस्तू घेऊन कितीही वेळ उभं राहा, कुणी "घ्या ताई" म्हणत नाही. घासाघीस थोडी चालते, पैसे फोनवरून.

आईला हे मुळीच आवडलं नाही. तीन महिन्यांसाठी आली होती तेव्हा पहिल्याच रविवारी म्हणाली, "कुणाच्या मेलेल्या माणसाच्या वस्तू घरात आणायच्या? ते काही नाही." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इथे माणूस गेला की मुलं घर रिकामं करतात आणि बरंचसं सामान अशा बाजारात येतं. मी वाद घातला नाही. तिला फक्त एक टॉवेल दाखवला. जाड लिननचा, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं फुलीटाक्यात दोन अक्षरं भरलेली. कुण्या मुलीनं लग्नाआधी रुखवतासाठी भरलेली असणार. आईनं अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. आमच्या घरी आजही आजीचं नाव घातलेली पितळी परात आहे, आणि ती वापरताना मेलेल्या माणसाची वस्तू असं कुणी म्हणत नाही. आई एवढंच म्हणाली, "आधी मिठाच्या पाण्यातनं काढ." टॉवेल घरी आला.

कप मात्र तिनंच निवडून दिले. बर्सो नावाची हिरव्या पानांची नक्षी आहे, स्टिग लिंडबर्ग यांनी गुस्ताव्सबेर्यच्या कारखान्यासाठी केलेली. १९६०च्या दशकात ती घराघरात होती. बर्सो म्हणजे वेलींचा मांडव, बागेत बसायची सावलीची जागा. तशी पानंच पानं, ओळीनं, मधली शीर ठळक. आता ती नव्यानंही निघते, म्हणून कपाच्या तळाचा शिक्का बघायला शिकावं लागतं. मी एकदा फोटो पाहून घरपोच मागवलेल्या सहा कपांपैकी दोन तडकलेले निघाले, तडा इतका बारीक की चहा ओतल्यावर दिसला. आईनं बाजारात काय केलं? कप तळहातावर ठेवला आणि कडेला टिचकी मारली. टण्ण वाजला तो घेतला, भद्द वाजला तो ठेवून दिला. उन्हाळ्यात कुंभाराकडून माठ घेताना ती हेच करते. विकणारे आजोबा बघत राहिले, मग त्यांनीही एकेका कपाला टिचकी मारून पाहिली.

तिथेच मला तांब्याची कॉफीची किटली मिळाली. बाहेरून लालसर, काळवंडलेली, झाकणाची मूठ झिजलेली. आत बघितलं तर पांढरट थर जागोजागी गेलेला. मी आईकडे बघितलं आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "कल्हई गेलीय!" आजोबांना शब्द कळला नाही, पण त्यांनी आत बोट घालून सांगितलं, "तेन." तेन म्हणजे कथील. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला भट्टी पेटवायचा. तापलेल्या पातेल्यावर नवसागराचा धूर, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की क्षणात सगळं पातेलं चांदीसारखं. कल्हई झिजली की आमटी कळकायची. परक्या देशातल्या एका अंगणात तो धूर मला अगदी नाकात जाणवला. किटलीला इथे कल्हई करून घेणं फार महाग, म्हणून त्यात काही उकळत नाही. मेच्या अखेरीस लायलॅक नावाचं झुडूप फुलतं तेव्हा त्याच्या फांद्या तिच्यात ठेवते. हळदी भिंतीसमोर तांबं आणि जांभळी फुलं!

तेन हा शब्द पुन्हा भेटला स्टॉकहोममध्ये. समुद्राकाठच्या रस्त्यावर 'स्वेन्स्क्त तेन' नावाचं दुकान आहे, म्हणजे 'स्वीडिश कथील'. १९२४ साली एस्त्रिद एरिक्सन नावाच्या चित्रकला शिक्षिकेनं ते सुरू केलं, आणि सुरुवातीला खरोखर कथलाच्या मिश्रधातूच्याच वस्तू विकल्या. दहा वर्षांनी तिनं योसेफ फ्रांक यांना बोलावून घेतलं. व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार, ज्यू, ऑस्ट्रियातलं वातावरण विषारी झालं तेव्हा स्वीडिश बायकोसह इथे आलेले. तो काळ पांढऱ्या भिंती आणि लोखंडी नळ्यांच्या खुर्च्यांचा होता. १९३०च्या स्टॉकहोममधल्या वास्तुकला आणि घरसजावटीच्या प्रदर्शनानं तोच नवा धर्म केला होता. फ्रांक यांनी कापडावर रानच उगवलं. एकाच झाडाला दहा जातींची फुलं, फळं, पक्षी. त्यांचं मत असं, की कोरी पृष्ठं माणसाला अस्वस्थ करतात आणि नक्षी शांत करते, कारण नजर तिच्यातून सावकाश हिंडते. युद्धाच्या वर्षांत ते न्यूयॉर्कमध्ये होते. १९४४ साली एस्त्रिद पन्नास वर्षांची झाली, तेव्हा त्यांनी तिला वाढदिवसाला पन्नास नवी नक्षी पाठवली.

आज कुणाही स्वीडिश माणसाला विचारा, ही नक्षी त्यांना अगदी आपली वाटते. ती आणली एका बाहेरून आलेल्या माणसानं. ही गोष्ट मी त्या दुकानात वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ते कापड फार महाग, मीटरमागे हजाराच्या वर क्रोनर. चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्यानं अर्धा मीटर घेतलं, त्यात एक उशी झाली. तिच्या शेजारी खणाच्या दोन उशा ठेवल्या, एक हिरवी, एक डाळिंबी. मला धास्ती होती की भांडतील. पण खणाची नक्षी बारीक आणि दाट, फ्रांकची मोठी आणि मोकळी. आणि दोन्हींत तांबडा सारखा. तेवढ्यावर जमलं. मोठीला बारीक, आणि दोघींत एखादा सामाईक रंग, एवढा नियम मी आता पाळते.

शेवटची वस्तू विकत घेतलेली नाही. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, आमच्या भागातल्या सामाईक मागघरात चिंध्यांच्या सतरंज्या विणतात. जुन्या चादरी-शर्टांच्या पट्ट्या फाडायच्या, ताणा सुती दोऱ्याचा, बाणा या पट्ट्यांचा. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर वाकळच की! शिवायची तेवढी राहिली." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी पुढचे तीन आठवडे रोज सकाळी दोघी समोरासमोर बसून कापड फाडायच्या. आईनं येताना माझ्या आजीचं हिरवं नऊवारी लुगडं आणलं होतं, विरलेलं, माझ्यासाठी गोधडी करायला. तेही त्यात गेलं. त्याचा लाल काठ आईनं वेगळा ठेवला आणि अगदी मध्यावर विणायला लावला.

सतरंजी झाली, दोन मीटर लांब. आजींनी ती आमच्या दिवाणखान्यात आणून जमिनीवर पसरली. आई जागची हलेना. "आईच्या लुगड्यावर पाय द्यायचा?" मी स्वीडिशमध्ये आजींना सांगितलं की हे कापड हिच्या आईचं आहे. त्यांनी थोडा विचार केला, वाकून सतरंजी उचलली, घरी गेल्या आणि एक लाकडी दांडा आणि चार खिळे घेऊन आल्या.

ती आता हळदी भिंतीवर आहे. दुपारी तीनला दिवा लावला की आधी लाल काठ दिसतो.