चकलीसारख्या दीर्घिका

घड्या घालायचे कपडे तसेच ठेवून आज दुपारी 'गॅलक्सी झू' ही वेबसाइट उघडून बसले, दहा मिनिटं म्हणता म्हणता दोन तास गेले. काम एवढंच की फोटो बघून सांगायचं, ही दीर्घिका (म्हणजे गॅलक्सी, ताऱ्यांचा अवाढव्य समूह) गुळगुळीत गोळा आहे का चकलीसारखी (चकली हा लेकीचा शब्द!), दोघी एकमेकींवर आदळतायत का वगैरे. गंमत म्हणजे दाटीवाटीत राहणाऱ्या बऱ्याचशा लालसर, लंबगोल, नवीन तारे जन्मायचे जवळजवळ बंद झालेले, आणि निळ्या चकल्या जास्त करून एकट्यादुकट्या राहणाऱ्या. म्हणजे शेजारपाजार तिथेही नडतो.

मग आठवलं, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी 2017 मध्ये 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला तो स्लोन सर्व्हे या आकाशाच्या पाहणीच्या डेटातून, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं लांब, मीन राशीच्या दिशेला. आणि त्या सर्व्हेत सुरुवातीला काय करायचे माहितीये? अॅल्युमिनियमच्या ताटाला प्रत्येक दीर्घिकेच्या जागी भोक पाडायचं आणि त्यात हाताने एकेक फायबर (प्रकाश वाहून नेणारी बारीक तार) खोचायची, एका ताटात 640!! मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

कपडे अजून पलंगावरच आहेत.