कर्ज फिटलं, मग हात अजून आखडता का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माहेरची माणसं विचारतात, गल्लीतल्या बायका विचारतात, क्लासच्या ज्या पोरांना मी डबे देते त्यांच्या आया महिन्याचे पैसे द्यायला आल्या की घरावरून नजर फिरवत विचारतात. कर्ज फिटलं की तुमचं, मग आता तरी हात सैल सोडा. अजून तोच कूलर, अजून तेच पत्रे, लग्नाकार्याला अजून तीच जांभळी साडी? आणि आत्या (माझ्या सासूबाई) गेल्यापासून या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो तोंडावर कुणी काढत नाही: पैसे असून सासूच्या तेराव्याला मागं का सरलात?

दोन्हींचं उत्तर एकदाच देते.

कर्ज कसं झालं ते उगाळत नाही. नणंदेचं लग्न, गावाकडच्या रानात कोरडं गेलेलं बोअर आणि त्यावर २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्या देशानं पाहिलं. पण पाण्यापायी ट्यूशन एरियातली, म्हणजे क्लासच्या वस्तीतली, पोरं गावाकडं निघून गेल्यावर डबेवालीच्या चुलीचं काय झालं, ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. डबे बंद आणि टँकर विकत. त्यातून उठतोय तोवर २०२० ला क्लासच बंद झाले. तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सवलत होती, आम्ही घेतली. हप्ते थांबले, व्याज चालूच राहिलं.

व्याजाबद्दल मात्र थोडं बोलते, कारण माझं आजचं वागणं त्यातून आलं आहे. सावकाराचं शेकडा तीन हे ऐकायला किती किरकोळ वाटतं. पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५० हजारांवर दर महिन्याला दीड हजार. पावणेतीन वर्षं नुसतं व्याज भरलं की मुद्दलाएवढी रक्कम घरातून गेलेली असते आणि मुद्दल जागच्या जागी. विनापरवाना व्याजानं पैसे देणं कायद्यानं गुन्हा आहे हे मलाही ठाऊक होतं. पण दवाखान्याच्या काउंटरवर उभं असताना कायदा आठवत नाही, जो लगेच देतो तो आठवतो. कागदावरचं कर्ज तरी सरळ असतं का? १ लाख, १२ टक्के, दोन वर्षं. फ्लॅट व्याज, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, असेल तर २४ हजार जातात. तेच १२ टक्के घटत्या शिल्लकीवर असतील तर साधारण १३ हजार. म्हणजे बारा म्हणून सांगितलेला दर खरा साडेएकवीसच्या घरात असतो. सही करताना हे मला कुणी सांगितलं नाही. नंतर पोरीनं वहीवर मांडून दाखवलं, तेव्हा ती नववीत होती.

आधी शेकडा तीनवालं फेडलं, मग बचत गटाचं, मग सोनं सोडवलं, सगळ्यात शेवटी सोसायटी. बेबाकीचा दाखला हातात आला, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. आणि ज्या तारखेला हप्ता जायचा त्याच तारखेला तेवढेच पैसे मी पोस्टात भरायला लागले. लोकांना खटकतं ते हेच. हप्ता संपला तर ते पैसे घरात दिसायला हवेत, अंगावर दिसायला हवेत.

आम्ही उपाशी राहतो असं मात्र कुणी समजू नये. वर्षाची ज्वारी सुगीत भरलेली असते. तूर घरची, डाळ भरडून आणतो. काळा मसाला उन्हाळ्यात करून ठेवते, हरभऱ्याचा पाला हिवाळ्यात वाळवून ठेवते. करडईचं तेल घाण्यावरून येतं, ते महाग पडतं तरी त्यात मी काटकसर करत नाही. डब्यात कुणाच्या पोराला पातळ वरण कधी गेलेलं नाही. पोरीच्या क्लासची फी एकरकमी भरली. मी नाही म्हणते ते हप्त्यावरच्या वस्तूला, बिनव्याजाच्या म्हणून मिळणाऱ्या मोबाईलला, आणि त्यांनी आपल्याला एवढा आहेर केला म्हणून आपण तेवढाच करायच्या रीतीला. माझी मिळकत ‘नीट’च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या, परीक्षेला बांधलेली आहे. मे महिन्यात परीक्षा झाली की पोरं खोल्या सोडतात, नवी येऊन बसेपर्यंत पाऊस पडलेला असतो. आमचे हे आडतीवर मुनीम आहेत, तिथंही हंगाम असतो. खर्चाला हंगाम नसतो. जून महिना कुणापुढं हात न पसरता काढायचा असेल तर तो डिसेंबरातच बाजूला ठेवावा लागतो.

यांचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. हे म्हणतात, सोसायटीचं पीककर्ज उचलू. ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही, सरकार देतंय तर सोडायचं कशाला? हिशेबानं हे बरोबर आहेत, मला खोडता येत नाही. पण गावात मार्चअखेरला काय चालतं ते मी पाहिलेलं आहे. नवं-जुनं करायचं म्हणून लोक आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलतात, जुनं भरतात, नवं उचलून बाहेरचं देतात, आणि त्या आठ दिवसांचं जे घेतलं जातं ते कुठल्याच योजनेत बसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या रानात सोयाबीन पाण्यात उभं होतं. तेव्हा डोक्यावर सोसायटी नव्हती म्हणून मी त्या रात्री झोपू शकले. हे म्हणतात, ही भीती आहे, हिशेब नाही. असेलही.

आता तेराव्याचं.

आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणायची) गावी थोरल्या भाऊजींकडं राहायच्या. पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन लातूरला झालं, नंतर त्या आमच्याकडंच होत्या. सरकारी योजनेतून जे बसलं ते बसलं, वरचा खर्च पोस्टातल्या पैशातून केला. एकाही माणसापुढं हात पसरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात दवाखाना आला आणि त्याच्या मागून सावकार आला नाही. आत्या काठी धरून चालायला लागल्या आणि मला गावी सोडा म्हणाल्या. गावीच गेल्या.

सावडून आल्यावर ओसरीवर भावकी बसली. आम्ही बायका आत, दाराशी. भाऊजींनी खर्च सांगायला सुरुवात केली. मंडप, आचारी, बुंदी, कीर्तनकार, अख्खं गाव जेवायला. दोघा भावांत निम्मं निम्मं, आमच्या वाट्याला साठ हजार. हे खाली बघत बसले. भाऊजी म्हणाले, "बोल की. पोस्टात हायत म्हणालास की मागं."

मी त्या घरात आल्यापासून थोरल्या भाऊजींशी समोरासमोर बोललेली नव्हते. काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत. त्या दिवशी दारातून बोलले. म्हणाले, "पंधरा हजार देतो आम्ही. भावकी, सोयरे आणि आत्यांसोबत खुरपायला जाणाऱ्या बायका, एवढ्यांना जेवू घालू. गावजेवण नको."

भाऊजी माझ्याकडं बघून बोललेच नाहीत. यांना म्हणाले, "पैशे नाहीत म्हणायलात का? तसं असंल तर तसं सांगा. म्या समजून घेतो. लोकायलाबी सांगता येतंय, धाकट्याची अडचण हाय म्हणून."

मी म्हणाले, "आहेत. पण ह्याला नाहीत."

एक चुलतसासरे टोपी सारखी करत उठले आणि चपला घालून निघून गेले. बाकी कुणी काही बोललं नाही. त्या रात्री हे जेवले नाहीत. अंधारात एवढंच म्हणाले, "नाहीत म्हणायला तुझं काय जात होतं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आज देते. कर्जाच्या वर्षांत मी फक्त नाहीत एवढंच बोलत आले होते. वसुलीचा माणूस दारात उभा आणि हे आत बसलेले, तरी मी म्हणायची, घरात नाहीत. वाण्याला, सोनाराला, पोरीच्या शाळेला, सगळ्यांना नाहीत. त्यातलं निम्मं खरं होतं, निम्मं खोटं. पोरगी शेजारी उभी राहून ऐकायची. कर्ज फिटल्यावर मला सगळ्यात आधी काय सोडायचं होतं, तर ते. पैसे आहेत, ते कशासाठी आहेत हेही ठरलेलं आहे, एवढं चार माणसांत सरळ सांगता यावं म्हणून तर फेडलं.

आणि त्या ओसरीवर आणखी एक गोष्ट कळली. कर्ज होतं तोवर माझ्या काटकसरीला लोक मजबुरी म्हणत, कीव करत, कमी आहेर केला तरी चालवून घेत. आता ती माझी मर्जी आहे. मर्जी कुणी चालवून घेत नाही.

इथंच थांबले असते तर माझी बाजू बरी दिसली असती. पण पुढचं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. भाऊजींनी गावजेवण केलंच. आमचे पंधरा हजार घेतले, आणि उरलेल्यातला मोठा भाग त्यांनी व्याजानं उचलला. शेकडा तीन. ज्या दारातून आम्ही बाहेर पडलो त्याच दारातून ते आत गेले. मी त्या दिवशी पंगतीत वाढत होते. भावकीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही, जाऊबाई तेवढ्या बोलल्या. बुंदीचं घमेलं माझ्या हातात देत म्हणाल्या, "आत्याला बुंदी लई आवडायची, माहीत हाय का?" मला माहीत नव्हतं. माझ्या घरी होत्या तेव्हा त्यांना पथ्य होतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

भाऊजींचीही बाजू आहे. मी लातुरात राहते, पारावर मला कुणी अडवत नाही. ते तिथं राहतात. गावातल्या प्रत्येक घराच्या तेराव्याला जो माणूस पंगतीत बसला, त्यानं स्वतःच्या आईच्या वेळी पंगत टाळायची कशी? आईच्या म्हातारपणाची रोजची सेवा त्यांच्या घरानं केली, आम्ही दवाखाना केला. यातलं काय जास्त, हे मोजायचं माप माझ्या वहीत नाही. तरीही साठ हजार द्यायला हवे होते असं मला आजही वाटत नाही. नणंदेच्या लग्नात याच भावकीनं याच ओसरीवर आम्हाला खर्चात घातलं होतं, आणि फेडायच्या वेळी त्यातला एकही माणूस सोबत आला नव्हता. आत्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या? लोक छातीठोकपणे सांगतात, माय म्हणाली असती थाटात करा. मी तसं काही सांगू शकत नाही. त्या कमी बोलायच्या.

माझ्याच एका जुन्या वहीत एक पान आहे. कर्ज जोरात होतं तेव्हा रात्री लिहिलेलं. फिटल्यावर काय काय करायचं: पैठणी, तिरुपती, पोरीला सायकल, आणि खाली मोठ्या अक्षरांत, एकदा सगळ्या गावाला पोटभर जेवू घालायचं. होय, हे मीच लिहिलेलं आहे. ती बाई मला आज विचारते, मग मी एवढं सोसलं कशासाठी? पोरीची सायकल झाली. पैठणी मी घेणार नाही, पैठण हाकेच्या अंतरावर असतं तरी नाही. गावजेवणाचं मी तिला असं सांगते की तू ते अपमानातून लिहिलं होतंस, दारात येऊन बोलून गेलेल्या लोकांना दाखवायला. ती म्हणते, नाही, मला खरंच खाऊ घालायचं होतं. रोज दुसऱ्यांच्या पोरांना खाऊ घालणारी बाई आहे ती. तिचं म्हणणं मला पटत नाही, पण खोटंही वाटत नाही.

म्हणून तुम्ही जेव्हा विचारता की आता हात मोकळा का सोडत नाही, तेव्हा मला राग येतो. तुम्हाला वाटतं, कर्ज गेलं की माणूस आधी होता तसा होतो. आधी जशी होते तशीच राहिले असते तर पुन्हा तिथंच जाऊन उभी राहिले असते, एवढं मला पक्कं कळलेलं आहे. त्यापुढचं नाही.

पोस्टाची मुदत दिवाळीनंतर संपते. हे म्हणतात, त्यातून दादाचं मुद्दल फेडून टाकू, दर महिन्याला व्याज जातंय ते बघवत नाही. मी म्हणते, फेडलं तर पुढच्या कार्याला ते पुन्हा उचलतील, धाकट्यानं फेडलं की एकदा, म्हणून. हे म्हणतात, तो माझा भाऊ आहे. मी म्हणते, जूनमध्ये काय खायचं? असं आमचं चाललेलं असतं, पोरगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन गच्चीवर जाते.

तेव्हा पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर कूलर आणि साडीचं नका विचारू. भाऊजींच्या व्याजाचं काय करणार ते विचारा. त्यावर आमच्या घरात अजून काही ठरलेलं नाही.