कासच्या पठारासाठी शटल बस: चाचणी घ्यायची तर नीट घ्या

सप्टेंबरातल्या रविवारी कासला गेलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग दिसते. लावणाऱ्याला वाटतं, चाक डांबराखाली हातभर उतरवलं, एवढंच तर केलं. पण कासचा सडा म्हणजे जांभ्या दगडावर पसरलेला मातीचा पातळ थर. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही सगळी मंडळी त्या थरातून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. गाडीच्या वजनाने माती दबली की पाणी आत मुरत नाही, चाकोरीत साचतं आणि चाकोरीनेच वाहून जातं. शेजारचा वीतभर तुकडा ऐन पावसाळ्यात कोरडा पडतो. पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही आणि ते गेल्या वर्षीच्या गाडीमुळे आलं नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला आणि गर्दी वाढत गेली. वन विभागाने दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी आणली. पठाराच्या अलीकडे गाड्या लावून मिनीबसने माणसं नेण्याची सोयही काही हंगामांत झाली. पण माणसांची संख्या बांधली म्हणून गाड्यांची बांधली जात नाही, आणि बस आणली म्हणून रस्त्याची कड आपोआप मोकळी होत नाही. अशा शटलची, म्हणजे वाहनतळ ते पठार सतत ये-जा करणाऱ्या बसची, चाचणी घेताना सगळा हिशेब सकाळच्या जाण्याचा केला जातो. ती फसते मात्र संध्याकाळी, परतीच्या रांगेत. पुढचं सगळं ते डोक्यात ठेवून वाचा. कास हे उदाहरण आहे. आकडे बदलून हाच हिशेब कुठल्याही गर्दीच्या अभयारण्याला लावता येईल.

आधी जागा. ३,००० माणसं, गाडीत सरासरी चार धरली तर ७५० गाड्या. एका गाडीला ये-जा करायच्या वाटेसकट २५ चौरस मीटर लागतात. माणसं तीन-चार तास थांबतात म्हणून एका वेळी निम्म्याच गाड्या उभ्या असतील असं धरलं, तरी ३७५ गाड्यांना सव्वादोन-अडीच एकर सपाट जागा हवी. दुचाकींची जागा वेगळी काढा, नाहीतर त्या चारचाकींच्या मधल्या फटीत शिरतात आणि कोणालाच बाहेर पडता येत नाही. आत यायचं आणि बाहेर पडायचं फाटक वेगवेगळं ठेवा.

शेत भाड्याने घेऊन त्यावर वाहनतळ करणार असाल तर पाऊस धरूनच चाला. किमान १५ सेंटिमीटर मुरूम, वरून रोलर, कडेने चर. मुरूम आणताना तो कुठल्या खाणीतला आहे ते विचारा. गाजर गवत माजलेल्या ठिकाणचा मुरूम सड्याच्या जवळ आणून टाकला तर वाचवायला निघालेल्या जागेत आपणच तण पेरलं असं होईल. बसमध्ये चढण्याआधी बुटांचा चिखल झटकायला तारेचा ब्रश लावलेली फळी ठेवा, दोनशे-तीनशे रुपयांत होते. आणि शनिवार-रविवारी दोरखंडासह एक ट्रॅक्टर दिवसभर उभा हवा. एक गाडी रुतली की तिच्या मागची सगळी रांग थांबते.

आता बस किती लागतील ते पाहू. सूत्र सोपं आहे: एका बसच्या पूर्ण फेरीला लागणारी मिनिटं भागिले दोन बसमधलं अंतर. वाहनतळ पठारापासून ४ किलोमीटरवर आहे आणि बस सरासरी ताशी २० किलोमीटरने चालते असं धरा. धुकं, वळणं आणि समोरून येणाऱ्या गाड्या पाहता यापेक्षा जास्त वेग धरू नका. जायला १२ मिनिटं, यायला १२, दोन्ही टोकांना चढ-उतार आणि वळायला मिळून १०, वर उशिरासाठी ६ राखीव. झाली ४० मिनिटांची फेरी. दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या तासात एकूण लोकांपैकी पाचवा हिस्सा येतो असं मानलं तर तासाला ६०० माणसं. ३० आसनांच्या मिनीबसने २० फेऱ्या, म्हणजे दर तीन मिनिटांना एक बस. ४० भागिले ३, म्हणजे १४ बस आणि बिघाडासाठी एक जास्तीची.

चार बसवर चाचणी घ्यायची आणि मग म्हणायचं की लोक बस वापरत नाहीत, हा त्या लोकांवर अन्याय आहे. चार बस म्हणजे दर दहा मिनिटांना एक, तासाला १८० माणसं. उरलेली चारशेवीस रांगेत उभी राहतील किंवा गाडी काढून वर येतील. दुसरं काय करणार?

तिकीट बसच्या दारात कधीही देऊ नका. हातात पास असेल तर एक माणूस चार सेकंदांत चढतो, तीस माणसं दोन मिनिटांत. दारात पैसे घ्यायचे, सुटे शोधायचे, मोबाईलवरून पैसे गेले की नाही ते बघायचं म्हटलं की माणशी बारा सेकंद लागतात, म्हणजे सहा मिनिटं. फेरी ४४ मिनिटांची होते आणि त्याच गर्दीला एक बस जास्त लागते. शिवाय दर तीन मिनिटांना बस आणि भरायला सहा मिनिटं, म्हणजे एका वेळी दोन बस भरत उभ्या राहणार. तेवढा थांबा नसेल तर दुसरी बस मुख्य रस्त्यावर थांबते आणि तिच्या मागे कोंडी होते. पैसे गाडी आत येतानाच घ्या आणि तेही माणशी नको, गाडीमागे. पार्किंग पन्नास आणि बस माणशी तीस असा फलक लावला की चौघांचं कुटुंब तिथेच १७० रुपयांची बेरीज करतं आणि गाडी पुढे नेता येईल का ते बघतं. गाडीला दीडशे, बस त्यातच, असं लिहिलं तर तो हिशेब डोक्यात येतच नाही. एसटीने साताऱ्याहून थेट येणाऱ्याला मात्र एक पैसाही लावू नका. तो गाडी घेऊन आलेलाच नाही.

दर माणशी तीस कुठून आला? एका मिनीबसचं दिवसाचं भाडं डिझेल-चालकासह ६,००० धरलं तर पंधरा बसचे ९०,०००, भागिले ३,०००. हा नमुन्याचा आकडा आहे, तुमच्याकडे आलेली कोटेशनं घालून पुन्हा काढा. दिवसाला १,८०० माणसंच आली तर तो पन्नास होतो, आणि चाचणीत असे दिवस येणारच. ती तूट कोण भरणार हे पहिल्या बसच्या आधी लिहून घ्या.

परवान्याकडे बरेच जण शेवटी वळतात, तिथेच आठवडे जातात. लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतो तसा कंत्राटी परवाना असलेल्या बसला वाटेत एकेक उतारू घेऊन वेगवेगळं भाडं आकारता येत नाही. ती टप्पा वाहतूक झाली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८७ खाली हंगामी कामासाठी किंवा तात्पुरत्या गरजेसाठी जास्तीत जास्त चार महिन्यांचा तात्पुरता परवाना मिळतो, फुलांच्या हंगामाला तो पुरतो. दुसरा सरळ मार्ग म्हणजे एसटीच्या आगाराकडून प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस भाड्याने ठरवून, गाड्या घेणं. माझं मत एसटीच्या बाजूने आहे, कारण घाटात रोज गाडी चालवणारे चालक तिथे आहेत. मात्र मोठी बस वर वळेल का ते रिकामी बस नेऊन आधी बघा. वळण्यासाठी मागे घेताना चाकं सड्यावर जात असतील तर मिनीबसच बरी.

चालकांचा हिशेबही बसच्या संख्येइतका सोपा नाही. एका चालकाला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती धरा. सकाळी सात ते संध्याकाळी सात सेवा चालवायची तर चौदा बसना एकवीस तरी चालक लागतील. दुपारी तीन वाजता बस आहे पण चालक जेवायला गेलाय, ही वेळ याच चुकीमुळे येते.

आता संध्याकाळ. सकाळी माणसं तीन-चार तासांत विखरून येतात. परत मात्र सगळी एकदम निघतात. दीड हजार माणसं चार ते साडेपाचच्या दरम्यान खाली जायला उभी राहिली आणि बसची ताकद तासाला ६०० असेल, तर दीड तासात ९०० जातील. उरलेल्या ६०० मधल्या शेवटच्या माणसाला आणखी एक तास उभं राहावं लागेल. कडेवर झोपलेलं मूल, अंगावर पावसाची सर, आणि खाली जाणारी बस कधी येईल हे सांगणारं कोणी नाही. अशा रांगेत एकदा उभा राहिलेला माणूस पुढच्या वेळी बसमध्ये बसत नाही, आणि घरी जाऊन दहा जणांना सांगतो.

यावर उपाय आहेत. चारनंतर वर जाणारं कोणी नसतं, तेव्हा खालच्या टोकाला बस भरण्यासाठी थांबवू नका. उतारू उतरले की रिकामी लगेच वर धाडा, फेरीतली चार-पाच मिनिटं वाचतात. जास्तीच्या दोन-तीन गाड्या दिवसभर न घेता फक्त साडेतीन ते सात अशा घ्या. नोंदणी करतानाच परतीची वेळ निवडायला लावा, निम्मे लोक पाळतील, तेवढंही पुरेसं आहे. अचानक पाऊस आला की वेळापत्रक विसरायचं, भरली की सोडायची. रांगेला दोऱ्या बांधा आणि दर पन्नास माणसांवर ‘येथून सुमारे ५ मिनिटं’, ‘येथून सुमारे १० मिनिटं’ अशा पाट्या लावा. तासाला सहाशेचा वेग असेल तर पन्नास माणसांना पाचच मिनिटं लागतात. माणूस पावसात उभा राहायला तयार असतो, किती वेळ ते कळलं तर. निवारा उभारायचा तर तो आधीच टणक झालेल्या जागेवर, सड्यावर एक खुंटीही ठोकू नका.

ज्येष्ठांसाठी बसच्या दाराशी लाकडी पायरी ठेवा, मिनीबसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची गाडी थेट वर सोडा, त्यांच्यासाठी चार जागा राखून ठेवा.

कासची एक अडचण मोठी आहे: हा रस्ता कासला संपत नाही, पुढे बामणोलीला जातो. तो बंद करता येणार नाही आणि करूही नये. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांची गाडी नेताच येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. कासला ‘बामणोलीला चाललोय’ म्हणून सुटलेली गाडी पठारावर थांबणार. म्हणून दोन्ही टोकांना चौकी ठेवा आणि सरळ जाणाऱ्या गाडीला वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या. अंतर दहा मिनिटांचं असेल आणि गाडी पस्तीस मिनिटांनी दुसऱ्या चौकीवर आली, तर ती कुठे थांबली हे विचारायला नको. गावकऱ्यांच्या गाड्यांना आधीच स्टिकर वाटा. कास, एकीव, आटाळी, कासाणी इथल्या माणसाला स्वतःच्या घरी जाताना चौकीवर अडवलं तर त्या चाचणीला गावाची साथ राहणार नाही, आणि ती राहू नयेच.

तसंच भजी, कणीस, पिठलं-भाकरी विकणाऱ्यांचं. गाड्या हलल्या की त्यांचं गिऱ्हाईक हललं. वाहनतळावर बसच्या रांगेशेजारची जागा पहिल्यांदा त्यांना द्या, बाहेरच्या ठेकेदाराला नंतर. शौचालयंही तिथेच हवीत, वर नकोत.

फलक साताऱ्याहून येताना लागणारा यवतेश्वरचा घाट चढण्याआधी लावा. घाट चढून आलेला माणूस परत फिरत नाही. मजकूर एवढाच: पठारावर गाडी लावायला जागा नाही, गाडी अमुक ठिकाणी लावा, बस दर ३ मिनिटांनी, शेवटची परतीची बस ७ वाजता. मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका, माहिती पाटीवर हवी.

निकाल कसा मोजणार? यंदाचा हंगाम आणि गेल्या वर्षीचा अशी तुलना खोटी ठरते, कारण बहर पावसावर ठरतो आणि गर्दी बहरावर. दर अर्ध्या तासाला कडेला लागलेल्या गाड्या मोजा आणि त्या वेळेपर्यंत खपलेल्या पठाराच्या दर शंभर प्रवेश-तिकिटांमागे किती, असं काढा. बस नसलेले दोन शनिवार-रविवार आणि बस असलेले किमान चार, दोन्हींकडे हीच मोजणी. थांबण्याचा वेळ लोकांना विचारू नका, प्रत्येक जण दुप्पट सांगतो. दर अर्ध्या तासाला रांगेतल्या शेवटच्या माणसाला वेळ लिहिलेलं कार्ड द्या, चढताना वाहकाने ते परत घेऊन वेळ टाकायची. दिवसाला वीस-पंचवीस कार्डांत खरं चित्र मिळतं.

अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात २००० सालापासून शटल आहे, आणि ती चालते त्या काळात निसर्गरम्य दरीच्या रस्त्यावर खाजगी गाडी नेता येत नाही. तिथल्याच म्युअर वूड्स या जंगलाला २०१८ पासून पार्किंग आणि शटल दोन्हींची आगाऊ नोंदणी लागते. दोन्हीकडे बसच्या जोडीला गाडीवर बंधन आलं. कासच्या कडेला दोर बांधून, माणूस उभा करून गाडी लावणं थांबवायची तयारी नसेल तर बसवर पैसे घालू नका. त्या पैशात दोर आणि माणसंच घ्या.

दिवसाच्या शेवटी एक काम न चुकता करायचं. शेवटची बस वरून सोडण्याआधी खालच्या वाहनतळात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून वर फोनने किंवा वॉकीटॉकीने कळवायचं. बसमध्ये बावीस माणसं आहेत आणि खाली सहा गाड्या, तर आकडा जुळतोय. खाली पंधरा गाड्या असतील तर कोणीतरी अजून धुक्यात पठारावर आहे. बस थांबवा, शिट्टी वाजवत तलावाच्या वाटेने माणूस पाठवा.